चार ओळींचा मालक

ता. ३ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज सकाळी दाढी करताना कानात पुन्हा अण्णांची हाक वाजली. पलीकडच्या काठावरून येणारी, लांबवलेली, मधेच वाऱ्याने फाटलेली. आधी नुसता सूर ऐकू यायचा, शब्द मागाहून चालत यायचे. मग नावाड्याची साखळी खळखळायची आणि आई आतून म्हणायची, आले. वस्तरा गालावर तसाच थांबला. तुझ्या वहिनीने विचारलं, अर्धी दाढी ठेवायची नवी रीत निघाली आहे का. तिला काय सांगणार? तुलाही काय सांगणार? तू तेव्हा चार वर्षांचा होतास. तुला काही आठवत असेल तर आईने पाठीत घातलेला धपाटाच.

तुझं नवं पुस्तक पोचलं. आता ही चार झाली: श्रद्धेवरचं निळं, पुराणकथांवरचं तांबडं, कवितेवरचं पिवळं आणि आता सार्वजनिक जीवनावरचं हे राखाडी. राखाडी रंग विषयाला शोभतो. मंत्री पुलावरच्या चालीप्रमाणे नदीला आपलं आणि पक्षाचं नाव सांगतो आणि पुढच्याच आठवड्यात पक्ष बदलतो, मग पाण्याला जुनंच नाव आठवलं तर पंचाईत म्हणून दुसऱ्यांदा सांगायला जातो, हे प्रकरण वाचताना मी एवढा हसलो की वहिनीने पाणी आणून दिलं. तुझी लेखणी अजून टोकदार आहे, बोथट नाही. एवढं कौतुक पुरे, नाहीतर डोक्यात जाईल.

आता कामाचं. पान एकशे बारावर त्या चार ओळी पुन्हा आल्या आहेत. निळ्यात होत्या, तांबड्यात होत्या, पिवळ्यात तर त्यांच्यावर अख्खं प्रकरण आहे. पुन्हा लिहून पाठवतो, कारण छापताना तू तिसरी ओळ दर वेळी वेगळी छापतोस:

नाव सांगुनी जा रे पांथा, नाव सांगुनी जावे
वाहुन जाते पाणी तरिही त्यास स्मरणही ठावे
परतायाची वेळ जाहली, नाव विसरला कोणी
तीरावरुनी हाक मारुनी घेउन येइल पाणी

गेल्या सोमवारी नातीच्या शाळेत आजी-आजोबांना बोलावलं होतं. मला म्हणाले, काहीतरी म्हणा. मी हे म्हटलं. वर्गावरच्या बाई, वय असेल पंचवीस, फार मायेने माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की आजोबा, तिसऱ्या ओळीत 'वेळ झाली की' असं आहे, पुस्तकात बघा, या वयात होतं असं. मुलं हसली. नात नाही हसली, तिने मान खाली घातली. ते मला जास्त लागलं.

धाकट्या, त्या ओळी माझ्या आहेत. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि चव्वेचाळीस वर्षं आपण दोघं त्याविषयी असे गप्प आहोत की जणू घरात कोणाला तरी न सांगण्यासारखा आजार आहे. मी आता अठ्ठ्याहत्तरचा. चारही पुस्तकं एकत्र काढणार आहेस, नवी प्रस्तावना लिहिणार आहेस, असं तूच कळवलंस. त्या प्रस्तावनेत एक ओळ टाक. जास्त नको. या चार ओळी माझ्या थोरल्या भावाने लिहिल्या, बस. मला मिरवायचं नाही, पण नातीने तेवढी मान वर करावी.

धाकटीस आशीर्वाद. लोभ आहेच, वाढवायचं वय गेलं, आहे तेवढा राखावा.

तुझा
दादा

ता. १० सप्टेंबर

ती. दादा यांस शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मी खुर्चीत जरा खाली सरकलो, असं ही म्हणते.

नाकबूल करत नाही. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर ऐका. मी साप्ताहिकात नवा होतो. नदीवर पूल झाला त्या आठवड्यात शेवटच्या पानावर पुलाची बातमी होती आणि गुरुवारी दुपारी पान बांधताना खाली चार ओळींची जागा मोकळी राहिली. छापखान्यातला जुळारी शिशाचे खिळे हातात धरून उभा, मालक दारात उभे. माझ्या खिशात तुमचं पत्र होतं आणि पत्रात त्या ओळी होत्या. नदी, वाटसरू, अगदी मापाचं. पण संपादकांचा कडक नियम, कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाची ओळही छापायची नाही. तेव्हा मी खाली 'पारंपरिक' असं टाकलं. खोटं बोलतोय असं वाटलंच नाही. जागा भरतोय असं वाटलं. आमच्या धंद्यात या दोन गोष्टींत फारसा फरक करत नाहीत.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. कोणीतरी पुलावर पाय ठेवण्याआधी आपलं नाव मोठ्याने सांगितलं. मग दुसऱ्याने. मग ट्रकवाले काच खाली करून सांगायला लागले. दहा वर्षांनी मी तिथे वार्ताहर म्हणून गेलो तर एक म्हातारा मला सांगतो की ही चाल त्याच्या पणजोबापासूनची आहे. दादा, मी त्याला काय सांगणार होतो, की ही चाल जुळाऱ्याच्या घाईतून निघाली? मी वहीत लिहून घेतलं. त्याचं निळं पुस्तक झालं. आणि खरं सांगू का, लिहिता लिहिता माझाच विश्वास बसला. तुम्ही त्या ओळी लिहिल्यात हे मी विसरलो नाही, पण त्या तुमच्याही आधीच्या असाव्यात असं मला वाटू लागलं.

आता अडचण सांगतो. पूल समिती पाच ऑक्टोबरला पुलाच्या तोंडाशी मोठा दगड बसवते आहे, त्यावर त्या ओळी आणि खाली 'अज्ञात कवी' असं कोरणार. त्याच कार्यक्रमात माझा सत्कार आहे, या विषयाचा अभ्यासक म्हणून. तेव्हा प्रस्तावनेचं सत्कारानंतर बघू या का? महिन्याचा प्रश्न आहे. आणि रागावू नका, पण उद्या कोणी विचारलंच तर हाताशी काही असावं. तुमच्या हस्ताक्षरातला जुना कागद, वहीचं पान, काही आहे का? ओळी ज्यातून घेतल्या त्या पत्राचं काय झालं ते मला आठवत नाही. बहुतेक जुळाऱ्याने त्यात विडी गुंडाळली.

वहिनींना नमस्कार. नातीला माझ्याकडून एक चिमटा. राग आला तरी माया कमी करू नये.

आपला
धाकटा

ता. १४ सप्टेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

'अनेक' हा शब्द या वेळी मुद्दाम गाळला आहे.

चोराने घरधन्याला पावती मागावी, तशी तुझी गत. कागद आहे का म्हणे! त्या ओळी लिहिल्या तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो, पुरावे जमवायचं वय नव्हतं ते. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिल्या होत्या. ती वही आईने वर्ष संपल्यावर रद्दीत दिली, आणि बरोबर केलं, कारण भूगोल मला येत नव्हता.

आता तुझ्या अभ्यासाविषयी. तांबड्या पुस्तकात तू 'जाहली' या एका शब्दावरून त्या ओळी तीनशे वर्षांच्या ठरवल्या आहेस. अरे, 'झाली' मात्रेत बसेना म्हणून 'जाहली' केलं. आमच्या मास्तरांनी शिकवलं होतं की अडलं की जुनं रूप घ्यावं, कोणी विचारत नाही. तेवढ्या एका मात्रेवर तू मला तीन शतकं मागे ढकललंस. पाठ्यपुस्तकवाल्यांनी ती सोपी म्हणून पुन्हा 'झाली की' केली. दोघांनीही लिहिणाऱ्याला विचारलं नाही, कारण लिहिणारा अज्ञात. आणि तो अज्ञात तेव्हा कुठे होता? सातवीच्या वर्गात, खडू घेऊन! सोळा वर्षं मी माझी कविता 'कवी अज्ञात' म्हणून शिकवली. 'कवीला काय म्हणायचे आहे ते सांगा' हा प्रश्न मीच काढायचो आणि मुलांच्या उत्तरांना पाचपैकी दोन द्यायचो. एकदा तपासनीस आले, वर्ग बघितला आणि शेरा लिहून गेले की शिक्षकांना कवितेचा आशय नीट उमगलेला नाही.

तू म्हणशील, मग दादा, तेव्हाच का नाही बोललात. लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही वाटला. आपली ओळ लोक पणजोबाची समजतात, यापेक्षा कवीला आणखी काय हवं, असं मी स्वतःला समजावलं. तरुणपणी अशी समजूत चालते. म्हातारपणी नाही चालत.

पण तुला एक सांगायचं राहिलं आहे, आणि ते चव्वेचाळीस नाही, बासष्ट वर्षं राहिलं आहे. त्या ओळी नदीवरच्या नाहीत. अण्णांवरच्या आहेत.

अण्णा वजनं-मापं तपासायला पलीकडच्या गावांत जायचे, हे तुला सांगून ठाऊक आहे. संध्याकाळी परत आले की पलीकडच्या काठावर उभे राहून नाव सांगायचे. नावाडी वैतागलेला माणूस, लोक उगाच हाका मारून त्याची चेष्टा करायचे, म्हणून नाव ऐकल्याशिवाय तो साखळी सोडायचा नाही. अण्णा पूर्ण नाव सांगायचे, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, आणि वर हुद्दा. आई म्हणायची, नदीला काय करायचाय तुमचा हुद्दा. त्या वर्षी तीन आठवड्यांसाठी गेले. तिसऱ्या आठवड्यात निरोप आला की ताप होता, दोन दिवसांत आटोपलं, तिथल्या लोकांनी सगळं नीट केलं. आपण कोणी होतो कुठे? निरोप आल्यावरही मी महिनाभर संध्याकाळी काठावर जाऊन बसायचो. मला वाटायचं, निरोप चुकला असेल, कोणा दुसऱ्याचा असेल, तापात नाव विसरले असतील, नाव सांगता येत नाही म्हणून नावाडी आणत नसेल. मग वहीच्या शेवटच्या पानावर त्या ओळी लिहिल्या.

तेव्हा सत्कार घे, शाल घे, काय घ्यायचं ते घे. माझं नाव नाही घातलंस तरी चालेल, आता रागाच्या भरात म्हणतो आहे असं समजू नकोस. पण त्या दगडावर 'अज्ञात' कोरू देऊ नकोस. नुसत्या ओळी असू देत, खाली काही नको. छापलेलं पुढच्या आवृत्तीत बदलता येतं. दगडाची आवृत्ती निघत नाही.

लोभ आहे, पण सध्या त्याला जरा ठसका लागला आहे.

दादा

ता. २७ सप्टेंबर

ती. दादा यांस शि. सा. न.

पत्र आलं. दुसऱ्या दिवशी सरळ पूल समितीच्या कचेरीत गेलो. अध्यक्ष निवृत्त इंजिनीअर आहेत, टेबलावर पुलाची छोटी प्रतिकृती ठेवतात आणि बोलताना तिच्यावर बोट फिरवतात. मी सगळं सांगितलं. साप्ताहिक, मोकळी जागा, 'पारंपरिक', तुम्ही, अण्णा. ते शांतपणे ऐकत होते. मग कपाटातून माझं तांबडं पुस्तक काढलं, खुणेची चिठ्ठी घातलेलं पान उघडलं आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं, की या ओळी तीनशे वर्षांहून अलीकडच्या असणं शक्य नाही. म्हणाले, सर, आता तुमच्या दोन विधानांपैकी कुठलं धरायचं? छापलेलं धरायला हवं.

मी म्हटलं, निदान 'अज्ञात' तरी काढा. ते म्हणाले की ठराव झाला आहे, शिवाय दगडाचा खालचा भाग मोकळा राहिला तर तिथे कोणीतरी आपल्या पक्षाचं चिन्ह रंगवतं. यावर मी वाद कसा घालणार? राखाडी पुस्तकात मीच लिहिलं आहे तसं.

मग लेख लिहिला. आमच्या वर्तमानपत्राचा आताचा संपादक माझ्या हाताखाली शिकला. बातमीची खात्री दोन ठिकाणांहून करायची, हे मीच त्याला शिकवलं. त्याने लेख वाचला आणि फार आदराने विचारलं, सर, दुसरं ठिकाण कोणतं? मी म्हटलं, माझा भाऊ. तो म्हणाला, सर, ते तर पहिलंच ठिकाण. लेख गेला नाही. वाचकांच्या पत्रांत, अर्ध्या लांबीचा, कडेला पाणीपट्टीच्या तक्रारीखाली आला. त्यात तुमचा उल्लेख निवृत्त शिक्षक म्हणून आणि शाळेचं नाव आहे, तेवढं त्यांनी कापलं नाही.

उत्तरं आली. एकाने लिहिलं की आयुष्यभर दुसऱ्यांची वशिलेबाजी उघडी करणाऱ्या पत्रकाराने शेवटी भावाचीच वर्णी लावली. एकाने लिहिलं की माझं वय झालं आहे आणि घरच्यांनी लक्ष द्यावं. हिने ते कापून स्वयंपाकघरात लावलं आहे. एका पंचेचाळीस वर्षांच्या परिचारिकेचं पत्र सगळ्यांत तिखट होतं. पाच वर्षांची असताना आजी तिला मांडीवर घेऊन हेच म्हणायची, तेव्हा सद्गृहस्थांनी आपल्या भावाचं नाव तिच्या आजीच्या तोंडात घालू नये. दादा, मला राग यायला हवा होता. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर कोणी बरोबर रागावलंय असं वाटलं.

चाळीस वर्षं मी लोकांना लिहून सांगत आलो की माणसं खोट्यावर विश्वास का ठेवतात. आता एक खरं सांगायला उभा राहिलो तर कोणाचा विश्वास नाही, आणि कारण म्हणून माझीच पुस्तकं दाखवतात. एखाद्या कादंबरीत हे वाचलं असतं तर लेखक फार ओढून ताणून करतोय असं परीक्षण लिहिलं असतं.

सत्काराला नकार कळवला आहे. प्रस्तावनेत तुमचं नाव टाकतो आहे. प्रकाशक म्हणतो, गंमत म्हणून चालेल.

एक विचारायचं आहे, आणि विचारताना मला सासष्टाव्या वर्षी चमत्कारिक वाटतं. अण्णा हाक मारायचे तेव्हा आवाज कसा होता? जाड होता की पातळ? मला काहीच आठवत नाही, दादा. चार पुस्तकं लिहिली त्या हाकेवर आणि ती मी ऐकलेलीच नाही. तुम्हाला जमेल तसं लिहून पाठवा.

आपल्या लोभाला मी पात्र नाही, तरी तो चालू ठेवावा ही विनंती.

धाकटा

ता. ६ ऑक्टोबर

ती. दादा यांस साष्टांग नमस्कार.

हे लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. माझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका काढू नयेत. काढल्या तर मनात काढाव्या.

काल आम्ही पुलावर गेलो होतो. व्यासपीठावर जाणार नाही म्हणाले होते, म्हणून शेवटच्या रांगेत बसलो, एका गाडीच्या सावलीत. गर्दी चांगली होती. पुलावर येणारा प्रत्येक जण नाव सांगत होता. एका बाईने तर कडेवरच्या लेकराचंही सांगितलं आणि ते रडायला लागलं. अध्यक्षांचं भाषण पाऊण तास चाललं. पुलाला किती सिमेंट लागलं ते सगळं सांगितलं. मग दगडावरचा कपडा काढला. अक्षरं सुरेख आहेत, दादा, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या ओळीत 'झाली की' आहे. आणि खाली आहे ते आहेच. 'अज्ञात कवी'. ओळींपेक्षा मोठ्या अक्षरात.

यांना राहवलं नाही. मधल्या वाटेने चालत पुढे गेले, मी मागून सदरा ओढत होते. ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि एकच वाक्य म्हणाले, की हा कवी अज्ञात नाही, तो माझा थोरला भाऊ आहे. एवढं म्हणून डोळे पुसायला चश्मा काढला आणि पुढचं राहूनच गेलं.

दादा, काय झालं असेल असं वाटतं? टाळ्या! उभं राहून टाळ्या! अध्यक्षांनी यांना मिठी मारली आणि लोकांना सांगितलं की सरांनी फार मोठा विचार मांडला, तो अज्ञात कवी म्हणजे खरोखर आपल्या सर्वांचाच थोरला भाऊ. नको नको म्हणताना शाल घातली. एका पोराने यांची सही घेतली. आजच्या वर्तमानपत्रात फोटो आहे, खाली लिहिलंय, 'भावविवश अभ्यासक'.

घरी येऊन शाल खुर्चीवर टाकली आणि तिच्याकडे पाठ करून बसले आहेत. जेवले. पण मिठाबद्दल काही बोलले नाहीत, म्हणून काळजी वाटते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मिठाबद्दल बोलले नाहीत असा दिवस आठवत नाही. तुम्ही दोन ओळी लिहा. रागावलात तरी चालेल, पण लिहा. तुमच्या पत्राची वाट बघतात आणि बघत नाही असं दाखवतात.

वहिनींना माझा नमस्कार. घरच्या सुनेवरची माया तशीच असू द्यावी.

आपली
धाकटी

ता. १२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक, अनेक आशीर्वाद. दोनदा लिहिलं आहे. एक मागच्या वेळचा गाळलेला.

धाकटीचं पत्र मिळालं. तिला सांग, शुद्धलेखनाच्या चुका नऊ आहेत आणि पत्र दहापैकी दहा आहे. सर्वांचा थोरला भाऊ झालो हे वाचून तुझ्या वहिनीने विचारलं की आता या सर्वांच्या लग्नकार्यांना मला जावं लागणार का. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिचं थांबलं, माझं जरा जास्त वेळ चाललं.

शाल वापर. थंडी शालीला तिच्या मालकाचं नाव विचारत नाही.

दगडाचं काय सांगू? पहिले दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःशी कबूल केलं की तुझ्याकडून मला दगडावरचं नाव हवं होतंच. ते नको असं मी लिहिलं ते खोटं होतं. सोळाव्या वर्षी कविता लिहिणारा मुलगा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही मेलेला नसतो, फक्त त्याला दम लागतो. नातीला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, आजोबा, मला माहीत होतं, तुम्ही म्हणताना पुस्तकाकडे बघत नाही. तिने हे शाळेत सांगितलं नाही. सांगून उपयोग नाही हे तिला बारा वर्षांची असून तुझ्या आधी कळलं.

त्या परिचारिकेचं तू लिहिलंस ते मला आवडलं. मी हिशेब केला. ती बाई आता पंचेचाळीसची, पाच वर्षांची असताना म्हणजे तुझ्या साप्ताहिकात त्या ओळी छापून चार वर्षं झाली होती. म्हणजे आजीने तुझ्या शेवटच्या पानावरूनच घेतलं. पण आजीने ते मांडीवरच्या पोरीला म्हटलं, त्यापुढे मला तुझी प्रस्तावना फिकी वाटते. मी तिला उत्तर लिहायला बसलो होतो. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं. प्रत्येक पत्रात मी खरा ठरत होतो आणि तिची आजी खोटी. हे मला जमेना.

आता अण्णांचा आवाज. जाड नव्हता. लोकांना वाटतं वडिलांचा आवाज जाड असतो. अण्णांचा पातळ होता, थोडा बाईमाणसासारखा, त्यामुळे लांब जायचा. पहिलं नाव ते खाली सुरू करायचे आणि आडनावापर्यंत वर चढवायचे, शेवटच्या अक्षरावर सोडून द्यायचे, फेकलेल्या दोरासारखं. हुद्दा मात्र घाईत, कारण तोवर दम संपलेला असायचा. हुद्द्यानंतर ते थोडे खोकायचे. ते खोकणंही ऐकू यायचं, पाण्यावरून सगळं ऐकू येतं. तुझा आवाज तसाच आहे. फोनवर तू बोलायला लागलास की पहिलं वाक्य मी ऐकतच नाही, नुसता

इथे थांबावं लागलं. दाराची घंटा वाजली. वहिनीने दार उघडलं आणि मला आत येऊन सांगितलं की कोणी बाई आल्या आहेत, हातात पिशवी, पायात दवाखान्यातले पांढरे बूट, शाळेत जाऊन पत्ता काढला म्हणतात. मी बाहेर गेलो. तीच ती. मी म्हटलं, या, बसा, भांडायला आला असाल तर बसून भांडा, माझे गुडघे दुखतात. ती बसली नाही. म्हणाली की पत्र लिहून झाल्यावर तिला झोप लागेना. तिच्या आजीचा थोरला मुलगा कामासाठी पलीकडे गेला तो आलाच नाही, म्हणून आजी त्या ओळी म्हणायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ज्याच्या घरातलं कोणी परत आलं नाही त्यालाच त्या तशा म्हणता येतात. तेव्हा मी त्या लिहिल्या का, हे तिला विचारायचं नाही. ड्यूटीवरून परस्पर आली आहे आणि तिला एकच विचारायचं आहे: तुमचं कोण आलं नव्हतं?

धाकट्या, बासष्ट वर्षांत हे मला कोणी आपणहून विचारलं नव्हतं. चश्मा आणतो म्हणून आत आलो आहे आणि उभ्यानेच हे लिहितो आहे. ती अजून दारातच आहे, वहिनी तिला पाणी देते आहे. जातो, तिला अण्णांचं नाव सांगतो.

तुझा
दादा